पावसाचे माप आणि पेठेची उधारी

नाशिक जिल्ह्यात कापडाचा धंदा करणाऱ्याला पावसाचा हिशोब ठेवावाच लागतो. मालेगाव, येवला, नांदगाव, सिन्नर भागातील किरकोळ दुकानदार आमच्याकडून दिवाळीचा व लग्नसराईचा माल उधारीवर उचलतात. मका, बाजरी, कांद्याचे पैसे गावात आले की ती उधारी फिटते. म्हणून कोणत्या गावाला किती माल सोडायचा, हे आम्ही ऑगस्टअखेरचा पाऊस पाहून ठरवतो.

२०२३ साली शासनाने ३१ ऑक्टोबरला ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. आपल्या जिल्ह्यातील मालेगाव, सिन्नर व येवला त्यात होते. नोव्हेंबरमध्ये आणखी १०२१ महसूल मंडळे दुष्काळसदृश ठरली. त्यांची कसोटी अशी होती की जून ते सप्टेंबरचा पाऊस सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी हवा आणि एकूण ७५० मिलिमीटरहूनही कमी हवा. आकडा या रेषेच्या आत असेल तर कर्जाचे पुनर्गठन, वीजबिलात सूट, मुलांची परीक्षा फी माफ. रेषेबाहेर गेला तर यातले काही नाही. आमचे एक जुने गिऱ्हाईक अशाच बाहेर राहिलेल्या मंडळातले. मंडळाच्या गावी दोन-तीन जोरदार सरी झाल्या, आठ-नऊ किलोमीटरवरचे त्यांचे गाव कोरडे राहिले. त्यांचे खाते आमच्या खतावणीत अजून उघडे आहे.

यात कोणाची बेइमानी नाही, दोष मापाचा आहे. महावेध योजनेखाली २०१७ पासून राज्यात दोन हजारांवर मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे बसली. राज्याचे क्षेत्रफळ सुमारे ३ लाख ७ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे एका केंद्राच्या वाट्याला दीडशेच्या आसपास. पर्जन्यमापकाचे तोंड मात्र वीतभर! त्यात पाचोळा अडकला किंवा शेजारी झाड वाढले, तर तेवढाही भरवसा नाही.

यावर काही मंडळी म्हणतात, आता उपग्रह आहेत, त्यांचाच आकडा घ्या. आम्हाला हे पटत नाही. उपग्रह पाऊस मोजत नाही, अंदाज करतो. आपले इन्सॅट उपग्रह ढगाच्या माथ्याचे तापमान पाहतात. माथा जितका थंड तितका ढग उंच, आणि तितका पाऊस जास्त, असा तो हिशोब. अमेरिका व जपानने २०१४ साली सोडलेल्या उपग्रहावर रडार आहे, पण तो एका जागेवरून कधीमधीच जातो. म्हणून अनेक उपग्रहांची माहिती जुळवून सुमारे दहा किलोमीटरच्या चौकोनाचा आकडा काढतात. आता आपल्या जिल्ह्यातच पाहा. इगतपुरी-त्र्यंबकला घाटावरचे बुटके ढग धो धो बरसतात, ते उपग्रहाला कमी दिसतात. पूर्वेला नांदगावकडे उंच ढगाची झालर नुसती वरून जाते, थेंब वाटेतच सुकतात, आणि उपग्रह तिथे पाऊस धरतो. तागा न उलगडता चकाकीवरून सुताचा नंबर सांगावा तसे हे आहे. जाणत्याचा अंदाज बहुधा जवळपास येतो, पण त्यावर बिल फाडता येत नाही.

तरीही हा अंदाज टाकाऊ नाही. मापक एका जागेचे सांगतो, उपग्रह सगळ्या शिवाराचे. मंडळाचे केंद्र पाऊस सांगत असेल आणि उपग्रह व शेजारची मंडळे कोरडे सांगत असतील, तर ती तफावतच पाहणीचे कारण मानावी. तलाठी व कृषी सहायकांनी गावात जाऊन पिके पाहावीत, मगच त्या मंडळाचा निकाल लावावा, असा लेखी नियम हवा.

केंद्र सरकारने २०२३ मध्ये विंड्स योजना आणली. तिच्यात ग्रामपंचायतीच्या पातळीवर पर्जन्यमापक बसवायचे आहेत. आपल्या जिल्ह्यात ते आधी पूर्वेकडच्या कोरड्या तालुक्यांत बसावेत आणि रोजचा आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावा. जागेला कुंपण व देखभाल यांचा खर्च पेठेतील व्यापाऱ्यांनी उचलावा. आमचा वाटा द्यायला आम्ही तयार आहोत. त्यात आमचा स्वार्थ आहे, हेही कबूल.