रिकामी जागा आणि बंद खोली

एखाद्या लोकप्रतिनिधीच्या निधनाने जागा रिकामी झाली की वारसाची चर्चा सुतक फिटण्याआधीच सुरू होते. पोटनिवडणूक सहा महिन्यांत व्हावी, असे लोकप्रतिनिधित्व कायदा सांगतो. पक्षाने आपला उमेदवार कोणत्या रीतीने निवडावा, याविषयी मात्र तो मौन पाळतो. एबी फॉर्म वेळेत दाखल झाला की कायद्याचे समाधान होते. तो फॉर्म कोणाच्या सहीने, कोणत्या खोलीत आणि कोणत्या कारणासाठी दिला गेला, हे विचारण्याचा अधिकार पक्षाच्या सामान्य सभासदालाही नाही.

2023 सालचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले आहे. श्रीमती मुक्ता टिळक आणि श्री. लक्ष्मण जगताप यांच्या निधनामुळे कसबा पेठ व चिंचवड येथे 26 फेब्रुवारीस मतदान झाले. भारतीय जनता पक्षाने चिंचवडमध्ये दिवंगत आमदारांच्या पत्नीस उमेदवारी दिली, कसब्यात मात्र टिळक कुटुंबाबाहेरचा उमेदवार दिला. पहिली जागा राखली, दुसरी गेली. यावरून तिकीट घरातच द्यावे असा निष्कर्ष काहींनी काढला. कसब्यात पडलेले तेच श्री. हेमंत रासने 2024 मध्ये तेथून निवडून आले, हे त्यांनी लक्षात घ्यावे. अधिक बोलके उदाहरण चिंचवडच्या विरोधी बाजूचे आहे. आघाडीने जागा राष्ट्रवादीचे श्री. नाना काटे यांना दिली, म्हणून श्री. राहुल कलाटे अपक्ष उभे राहिले. विजयाचे अंतर सुमारे 36 हजारांचे होते आणि कलाटे यांना सुमारे 44 हजार मते मिळाली. ती सर्व मते काटे यांना पडली असती असे कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. परंतु दोघांपैकी सरस कोण हा घरातला प्रश्न आघाडीने घरात सोडविला नाही आणि तो थेट मतदान केंद्रावर नेला, एवढे निश्चित.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात परवाना पद्धतीची आठवण होते. परवाने थोडे, मागणारे पुष्कळ आणि देणारा एकटा असला की परवान्याला मोल चढते. ते पैशात असेल, निष्ठेत असेल वा नात्यात असेल. 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्याने हे मोल आणखी वाढविले. तिकीट देणाराच पुढे सभागृहात व्हिप काढतो, तेव्हा निवडून आलेला माणूस मतदारापेक्षा त्याच्याकडे अधिक पाहतो, यात नवल ते काय! सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2020 मध्ये, फौजदारी खटले प्रलंबित असलेला उमेदवार का निवडला हे पक्षांनी जाहीर करावे आणि केवळ ‘निवडून येण्याची क्षमता’ हे कारण चालणार नाही, असे बजावले. जे कारण आरोपी उमेदवाराबाबत अपुरे ठरते, ते इतरांबाबत पुरेसे कसे मानावे?

सभासदांनीच उमेदवार निवडावा, ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याने 1903 मध्येच तसा कायदा केला. तेथेही पैशाचे प्राबल्य आहे, हे मान्य. पण इच्छुकांना एकमेकांसमोर उभे राहून उत्तरे द्यावी लागतात. आपल्याकडे काँग्रेसने 2014 मध्ये काही लोकसभा मतदारसंघांत हा प्रयोग केला. त्यांत वर्धा होते. तेथे श्री. सागर मेघे यांनी श्रीमती चारुलता टोकस यांच्यावर मात केली आणि पुढे प्रत्यक्ष निवडणुकीत त्यांचा दोन लाखांहून अधिक मतांनी पराभव झाला. काही महिन्यांतच मेघे कुटुंब भाजपमध्ये गेले. प्रयोगाची टवाळी करावयास एवढे पुरेसे झाले. पण मतदानाचा हक्क मुख्यत्वे पदाधिकारी आणि निवडून आलेले प्रतिनिधी यांच्यापुरताच होता. ज्याच्याकडे संस्था आणि माणसे, त्याच्याकडे ही मते. बंद खोली थोडी मोठी केली, एवढेच.

जुन्नर तालुक्यात तर मतदारांनीच पक्षांचे काम अंगावर घेतलेले दिसते. श्री. शरद सोनवणे 2014 मध्ये मनसेकडून निवडून आले, 2019 मध्ये शिवसेनेकडून लढून पडले आणि 2024 मध्ये अपक्ष म्हणून विजयी झाले. पक्षांची पारख मतदाराने अशी उलथविली, याचे कौतुक वाटते. तथापि अनेक तुल्यबळ उमेदवारांत मते विभागली की निम्म्याहून पुष्कळच कमी मतांत आमदार होतो आणि उरलेल्या बहुसंख्यांचे म्हणणे वाऱ्यावर जाते.

मढसारख्या गावाला याची किंमत पाण्यात मोजावी लागते. पिंपळगाव जोगा धरण उशाशी आहे. ते कुकडी प्रकल्पात मोडते आणि त्या प्रकल्पाचे पाणी पारनेर, श्रीगोंदे, कर्जत, करमाळ्यापर्यंत जाते. त्या तालुक्यांचा हक्क नाकारण्याचे कारण नाही. पण आवर्तन केव्हा सुटावे, धरणालगतच्या गावांसाठी किती राखावे आणि आदिवासी पट्ट्यात पाणी उचलून कसे न्यावे, याचे नेमके उत्तर प्रचारसभेत कधी मिळत नाही. तेथे ‘हक्काचे पाणी’ म्हटले की टाळ्या पडतात. चार इच्छुकांना एकाच पक्षाच्या सभासदांपुढे बसविले, तर घोषणा चौघांची सारखीच असल्याने निभाव लागत नाही. आकडा सांगावा लागतो.

म्हणून पक्षांनी निदान एवढे करावे: प्रत्येक मतदारसंघातील सभासदांची यादी निवडणुकीच्या वर्षभर आधी छापून तालुक्याला लावावी, आयत्या वेळी भरलेल्या पावत्यांना मताचा हक्क देऊ नये, आणि एबी फॉर्म देण्यापूर्वी इच्छुकांची एक सभा ओतूरला, एक घोडेगावला घ्यावी. प्रश्न विचारायला शिक्षक आणि कारकून या भागात कमी नाहीत.