पथ्याचें ताट

आपल्या नंदुरबार जिल्ह्यांतून शिक्षणासाठीं वा नोकरीसाठीं मुंबईस जाणाऱ्या तरुणास तेथें अनेक गोष्टी नव्या वाटतात. परंतु सर्वांत आधीं बदलतें तें त्याचें ताट. घरीं ज्वारीची किंवा कळण्याची भाकरी; तेथें सकाळीं पाव, दुपारीं पोळी आणि सायंकाळीं मैद्याचा कांहींतरी पदार्थ. बहुतेकांस हा पालट पचतो. कांहींजणांस मात्र तो मुळींच सोसत नाहीं. त्यांच्याविषयीं शहरांतील उपाहारगृहांनीं व आपण सर्वांनींच विचार करावा, एवढ्यासाठीं हा लेखप्रपंच.

गहूं व जव यांत ग्लूटेन नांवाचें चिवट प्रथिन असतें. त्याच्याच योगानें कणीक लवचीक होऊन पोळी लाटतां येते. ज्वारींत तें नाहीं. म्हणूनच आपल्या माता-भगिनी तें पीठ ऊन पाण्यांत मळून भाकरी हातानें थापतात. सीलिअ‍ॅक नामक विकारांत या ग्लूटेनमुळें शरीराची संरक्षक शक्ति स्वतःच्याच लहान आंतड्याच्या अस्तरावर उलटते. अन्न अंगीं लागत नाहीं, रक्त कमी होतें, मुलांची वाढ खुंटते. १९४४-४५ च्या हिवाळ्यांत युद्धामुळें हॉलंडांत पाव दुर्मिळ झाला असतां अशीं मुलें सुधारलीं व पाव परत येतांच पुनः खालावलीं, हें डच बालवैद्य विलेम डिके यांच्या ध्यानांत आलें. १९५० सालीं त्यांनीं आपल्या प्रबंधांत गव्हाचा दोष सप्रमाण मांडला. आजहि आजन्म पथ्य हाच या विकारावरील उपाय आहे.

ज्वारी, मका, भगर, तांदूळ हीं आपलींच धान्यें असल्यामुळें घरीं हें पथ्य फारसें अवघड नाहीं. गिरणींत गव्हामागून ज्वारी दळूं नये, एवढी दक्षता घ्यावी लागते. खरी अडचण बाहेर जेवतांना येते. इडली निर्दोष, पण सांबारांतील हिंगांत बहुधा गव्हाचें पीठ असतें. भजीं बेसनाचीं, पण तीं समोशाच्याच तेलांत तळलेलीं. भाकरी ज्वारीची, पण ती पोळीच्याच पोळपाटावर, गव्हाच्या पिठीवर थापलेली. हा बारकावा फाजील नव्हे. आपल्या देशांतील नियमांप्रमाणें ग्लूटेनमुक्त म्हणून विकल्या जाणाऱ्या अन्नांत दर किलोस २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लूटेन असतां कामा नये.

यावर उपाहारगृहाचा चालक म्हणेल, “शंभरांत एखाद्या गिऱ्हाइकासाठीं एवढा खटाटोप कोणीं करावा?” त्यास माझें उत्तर असें कीं, हा खटाटोप तो आजहि करीतच आहे. मुंबईंत कांदा-लसूण वर्ज्य करणाऱ्या जैन गिऱ्हाइकासाठीं निराळा पदार्थ मिळतो; एकादशीस साबुदाण्याची खिचडी व भगर मिळते. त्या वेळीं ‘थोडें चालेल’ असें कोणी म्हणत नाहीं. जो मान आपण व्रतास देतों, तोच रोग्याच्या पथ्यास कां देऊं नये? एक निराळी कढई, एक निराळा पोळपाट, गव्हाचें पीठ नसलेला हिंग आणि विचारल्यास खरें उत्तर, एवढेंच मागणें आहे.

यांत ग्राहकाचेंहि कर्तव्य आहे. केवळ हौसेनें गहूं सोडणारे शहरांत पुष्कळ झाले आहेत. ते पोळी नाकारतात आणि शेवटीं केक मात्र खातात. मग वाढपी खऱ्या रोग्याचें म्हणणेंहि थट्टेवारी नेतो. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. शंका आल्यास गहूं सोडण्यापूर्वीं रक्ततपासणी करून घ्यावी. आधींच सोडला, तर रोग तपासणींत उमटेलच असें नाहीं.

विद्यार्थीबंधूंनो व भगिनींनो, तुमच्यांतील कित्येक उद्यां शहरांत जातील, कांहींजण खानावळीहि चालवितील. भाकरीस गांवढळ म्हणून हंसण्याची रीति तेथें दिसल्यास तिच्यांत सामील होऊं नका. एखाद्या जिवास तेंच एक निर्भय अन्न असतें. पंक्तींत कोणी ‘हें मला वर्ज्य आहे’ म्हटलें, तर आग्रह करूं नका. त्याच्या पानांत काय चालेल तें विचारा. उपाशी न उठतां त्यास चारचौघांबरोबर जेवतां येणें, हेंच खरें आतिथ्य होय.