वहीतला वारकरी

बोरला जाऊन आलं, की पहिला प्रश्न ठरलेला: वाघ दिसला का? वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातलं हे जंगल १९७० मध्ये अभयारण्य झालं, २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प. मी मात्र जानेवारीत तिथल्या धरणाच्या पाण्याकडे तोंड करून बसतो, पाणपक्षी मोजायला.

आशियाई पाणपक्षी गणना आपल्या उपखंडात १९८७ पासून दर जानेवारीत होते. दुर्बीण, वही आणि बराच धीर लागतो. 'खूप बदकं' ही नोंद होत नाही. थव्यातली दहा मोजायची, त्या दहांनी पाणी किती व्यापलं ते डोळ्यांत साठवायचं आणि त्या मापाने उरलेला थवा मोजत जायचा. थवा उडून पलीकडे उतरला, तर तो दोनदा धरला जाऊ नये म्हणून वेळ आणि दिशाही लिहायची.

तिबेट-मंगोलियाकडच्या तळ्यांवरून हिमालय ओलांडून आलेला पट्टकादंब दिसला, की सगळ्यांचे श्वास थांबतात. माझा जीव मात्र वारकऱ्यात अडकतो. काळं अंग, कपाळावर पांढरा टिळा. नेहमीचाच म्हणून त्याचा आकडा अंदाजाने टाकला जातो, आणि असे नेहमीचे पक्षी घटू लागले तर ते कुणाच्या ध्यानातही येत नाही.

दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर आपल्या राज्यात पक्षी सप्ताह असतो. अरण्यलेखक मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून पक्षितज्ज्ञ सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. नोव्हेंबर झाला, जानेवारी झाला, की वह्या मिटतात. खरी गडबड पुढे आहे. रब्बीला पाणी सुटतं, तलावाचा काठ उघडा पडतो. चिखलावर तुतवार आणि चिखल्या उतरतात, मागोमाग गाळपेर सुरू होते. नदी सुरय तर उघड्या पडलेल्या बेटावर, वाळूतच अंडी घालतो. पाणी आणखी उतरलं, की बेट काठाला जुळतं आणि कुत्री, गुरं थेट अंड्यांपर्यंत पोहोचतात. अभयारण्यातल्या पाण्यावर निदान पहारा असतो; गावतलावांवर कोण? तिथे एप्रिल-मेमध्येही मोजलंच पाहिजे.

गेल्या एप्रिलात एका तलावावर बेट असं जुळलेलं दिसलं. वाळूत खुरांचे ठसे होते. मी वही उघडली, वेळ लिहिली, सकाळी सहा चाळीस, आणि खाली: नदी सुरय, ०.