यंदा वाणात चित्रं द्या

बचत गटाच्या बैठकीत 'नात्यांविषयी बोला' म्हटलं, की बायका गप्प होतात. कर्जाचा हप्ता, सोयाबीनचा भाव, पोरांची शाळा यावर तासभर बोलतील. नवरा-बायको, सासू-सून हा विषय निघाला की 'आमच्या घरी सगळं बरं हाय' एवढ्यावर आटोपतं. शेजारी जाऊ बसलेली, समोर चुलतसासू. इथं बोललेलं दिवेलागणीच्या आत घरी पोचतं, हे प्रत्येकीला ठाऊक असतं.

अशा ठिकाणी चित्रांची कार्डं कामाला येतात. चित्रातली बाई गावातली कुणीच नसते, त्यामुळे तिच्याविषयी कुणीही बिनधास्त बोलू शकतं.

चिखली तालुक्यातल्या एका गावी अशा बैठकीला मी बसले होते. सतरंजीवर एक कार्ड पडलं : बंद दार, आत मोबाईल कानाला लावून उभी असलेली बाई. एक म्हातारी लगेच म्हणाली, "दार लावून बोलून राह्यली, म्हंजे काहीतरी लपवून राह्यली." थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग मागून एक तरुण सून हळूच म्हणाली, "मायशी बोलत असंन. दार उघडं ठेवलं तं कोन बोलू देते?" म्हातारीनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं, पण रागावली नाही. चित्र पुन्हा हातात घेऊन ती सांगू लागली, की तिच्या वेळी फोन नव्हता. माहेरचा माणूस बाजारात भेटला तरी घरी सांगायची चोरी होती. पुढचा अर्धा तास बैठक त्या दोघींचीच झाली.

ही काही करमणूक नव्हे. ब्राझीलमध्ये पावलो फ्रेरे यांनी १९६३ साली आंजिकोस गावी मजुरांना अक्षरओळख देताना आधी त्यांच्याच जगण्यातली चित्रं पुढं ठेवली, त्यावर बोलतं केलं. आपल्या देशात झारखंड-ओडिशात 'एकजुट' संस्थेनं आदिवासी बायकांच्या गटांत चित्रकार्डांच्या खेळातून बाळंतपणाच्या अडचणींवर चर्चा घडवल्या. २००५ ते २००८ या काळातल्या या प्रयोगात शेवटच्या दोन वर्षांत नवजात बाळांचे मृत्यू ४५ टक्क्यांनी कमी दिसले. बायका एकत्र बसून मोकळ्या बोलल्या, तर जीव वाचतात.

आणि आपल्या बुलडाण्याला तर बाई-पुरुषाच्या नात्याचा विषय मुळीच नवा नाही. ताराबाई शिंदे याच गावच्या. त्यांची 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ साली पुण्यात छापली गेली. बाईच्या माथी मारलेला एकेक दोष उचलून त्यांनी पुरुषाशी ताडून पाहिला. महात्मा फुले पाठीशी उभे राहिले, पण पुस्तक पुढं विस्मरणात गेलं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणलं. त्या काळात एका बाईनं हे लिहिलं, याचं मला फार वाटतं.

शब्दांची कार्डंही तितकीच बोलकी. 'सातबारा' हा शब्द निघाला, की कुणाच्या नावावर काय आहे ते आपोआप निघतं. शरद जोशींच्या लक्ष्मी-मुक्तीच्या हाकेला मान देऊन बायकोच्या नावे जमीन करणारे शेतकरी विदर्भात होऊन गेले. त्यांची आठवण अशाच वेळी कुणीतरी काढतं. 'कुंकू' हे कार्ड मात्र जपून टाकावं. गटात नवरा गेलेली बाई असतेच, आणि तिला हळदी-कुंकवाला बोलवायचं की नाही हा प्रश्न अजून गावोगाव आहे, कोल्हापुरातल्या हेरवाड गावानं २०२२ साली विधवा प्रथा बंदीचा ठराव केला तरीही.

कार्डं बाहेरून विकत आणू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. शहरी सोफ्यावर बसलेलं जोडपं पाहून मोताळ्याच्या बाईला काय सुचणार? गावातल्या शाळेच्या पोरांकडून काढून घ्या : चूल, बाज, सोनोग्राफीची खोली, दारूच्या अड्ड्यावरून परतणारा बाप. २०११ च्या जनगणनेत बुलडाणा जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८५५ मुली होत्या. सोनोग्राफीच्या त्या खोलीत जायचा निर्णय घरातच होतो आणि तो कुणी बोलून दाखवत नाही. पुरुषांचीही वेगळी बैठक हवी. एकट्या बायकांना बोलतं करून घर बदलत नाही.

चित्र नको असेल तर पालथं ठेवायची मुभा प्रत्येकीला असावी. मारहाणीचं कुणी सांगितलं तर चर्चा तिथंच थांबवावी आणि १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर तिच्या हाती द्यावा.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघर हळदी-कुंकू होतं. स्टीलच्या वाट्या प्रत्येकीकडे ढीगभर आहेत. यंदा दहा-बारा चित्रांचं वाण द्या, नवरा गेलेल्या शेजारणीलाही बोलवा, आणि पहिलं कार्ड तिला उचलू द्या.