मुंग्या आता दिसत नाहीत

अँटेनाच्या काळात टीव्ही बिघडण्याआधी सांगायचा. वायर कुजली किंवा जोड सैल झाला की पडद्यावर मुंग्या यायच्या. मग पोरगं गच्चीवर चढायचं आणि खालून पुकारा व्हायचा, ‘अजून थोडा डावीकडे!’ आपल्यातल्या बऱ्याच जणांचा धंद्यातला पहिला धडा त्याच गच्चीवरचा. एचडीएमआयने ही सोय काढून घेतली. सिग्नल पुरेसा आहे तोवर चित्र चकाचक, कमी पडला की पडदा काळा. मधली पायरी इतकी अरुंद, की पांढरे ठिपके चमकून जातात आणि गिऱ्हाइकाला पत्ताही लागत नाही.

म्हणून ‘चित्र दिसलं, काम झालं’ हा आपला हिशेब चुकतो. माझा एका डिसेंबरात चुकला आणि कळला तो मे महिन्यात.

बेसा भागातला दुमजली बंगला. सगळे डबे जिन्याखाली, प्रोजेक्टर वरच्या खोलीत. मधे स्लॅबमधून गेलेली ३८ मीटर कॅट-सिक्स आणि तिच्या दोन टोकांना एचडीबेसटीचे डबे. सेट-टॉप बॉक्स लावून १०८०चं चित्र दाखवलं, चहा झाला, पैसे मिळाले. मे महिन्यात काकूंचा फोन आला : ‘‘भाऊ, कूलर लावला का तुमचा सिनेमाच बंद पडते.’’ मला हसू आलं. जाऊन पाहिलं तर काकू खरं बोलत होत्या. दुपारी तीनला कूलरचा पंप चालू केला की पडदा दोन-तीन सेकंद काळा व्हायचा. रात्री अकरानंतर तोच पंप दहा वेळा चालू-बंद केला, तरी चित्र हललंसुद्धा नाही.

मधल्या काळात मुलाने फोर-के प्लेअर आणला होता. सेकंदाला ६० फ्रेमचं १०८० चित्र साडेचार गिगाबिटच्या आत बसतं. फोर-केमधल्या सिनेमाला २४ फ्रेमलाच जवळपास नऊ लागतात. ओझं दुप्पट झालं, वायर तीच राहिली. त्यात ऊन. नेटवर्क केबलची १०० मीटरची मर्यादा २० अंश तापमान धरून काढलेली असते. पुढे ४० अंशांपर्यंत दर अंशामागे सुमारे ०.४ टक्के आणि त्यावर ६०पर्यंत ०.६ टक्के क्षीणता वाढते, असं मानकं धरतात. आपल्याकडे मे महिन्यात हवाच ४५च्या वर जाते; तापलेल्या स्लॅबच्या पोटातला पाईप त्याहून गरम. ६० अंश धरले तर क्षीणता एक पंचमांशाने वाढली. प्रोजेक्टरमागच्या खाचेत कोंबलेल्या रिसीव्हरला हात लावला, तर चटकाच बसला.

तरीही चांगल्या वायरला ३८ मीटर जड नव्हते. मी प्लेट उघडली, तार ब्लेडने खरवडली. वर तांबूस, आत पांढरी. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम! पेटी मीच आणली होती, स्वस्त पडली म्हणून. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या साठ-बासष्ट टक्केच. विकत घेताना पेटी उचलून बघायची बुद्धी झाली नाही : २३ गेजच्या ३०५ मीटर पेटीत नुसतं तांबंच साडेपाच किलोच्या पुढे भरतं, आणि ही पेटी तर मी एका हाताने गाडीत टाकली होती. वर पंपाची वायर इलेक्ट्रिशियनने त्याच पाईपमधून ओढलेली. काठावर आलेल्या सिग्नलला पंपाच्या स्विचची ठिणगी पुरली.

पाईप २५ मिमीचा होता म्हणून वाचलो. दोन्ही वायरी काढल्या, शुद्ध तांब्याची शील्डवाली कॅट-सिक्स-ए ओढली, पंपाला वेगळा रस्ता दिला. एका संध्याकाळचं काम. वायर थेट प्लास्टरमध्ये गाडली असती तर भिंत फोडायची पाळी होती. आता फायबरची एचडीएमआय केबल मिळते, आणि १८ गिगाबिटचं फोर-के लांब न्यायचं तर ती उत्तमच. पण तिला दिशा असते, उलटी ओढली तर चित्र येत नाही. शिवाय टोकातल्या चिपा विजेच्या एका झटक्यात गेल्या की अख्खी केबल बदलावी लागते. तिचं डोकं २० मिमीच्या पाईपच्या वळणातून निघत नाही. आर्किटेक्टशी काय वाद घालायचा तो या पाईपवरून घाला. एचडीएमआयच्या आवृत्त्यांची चर्चा नंतर होत राहील.

डिसेंबरात मे कुठून आणायचा, असं एका तरुण वाचकाने विचारलं. आणता येतो. तपासणीच्या वेळी वायरीच्या शेवटी लांबीच्या एक पंचमांश जादा गुंडाळी जोडा, ३८ मीटरला आठ मीटर. सेट-टॉप बॉक्सवर विसंबू नका. डबे जेवढं झेपवतात म्हणून सांगतात, तेवढं मोठं चित्र लावा आणि अर्धा तास चालू ठेवा. त्या वेळात कूलर, पाण्याची मोटर, मिक्सर, जे असेल ते चालू-बंद करा. गुंडाळीसकट चित्र टिकलं, तर ती काढा आणि बिल द्या. घरमालक विचारतील हे काय चाललंय. सांगा, उन्हाळा लावून बघतोय.

काकूंच्या जिन्याखालच्या प्लेटमागे आता एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. वायरीची जात, लांबी, तारीख आणि तपासलं तेव्हाचं खोलीतलं तापमान : ४१.