स्पीकिंग ऑर्डर म्हणजे तोंडी हुकूम नव्हे



आठवडी बाजारात जमिनीवर चादर पसरून बसलेल्या माणसाकडे पंचांग मिळतं, मेंदीच्या नक्षीचं पुस्तक मिळतं आणि थोड्या दिवसांत इंग्रजी बोलायला शिकवणारं पुस्तकही मिळतं. आपली पोरं ते हौसेने घेतात. हॉटेलात खोली कशी मागायची, पाहुण्याला चहा कसा विचारायचा, हे त्यात असतं. शेवटच्या पानांवर म्हणी असतात. मुसळधार पाऊस आला की इंग्रज म्हणतो, कुत्री-मांजरं पडतात. वाचून हसू येतं. या पुस्तकांना आम्ही नावं ठेवत नाही, शिकणाऱ्या पोराला हसणारे तर आम्ही मुळीच नाही. पण आपल्याला जी इंग्रजी सगळ्यात आधी पाहिजे ती या पुस्तकात नाही. ती आपल्या घरात पत्र्याच्या पेटीत, दाव्याच्या कागदांमध्ये पडलेली आहे.

आपल्याला इंग्रजी येत नाही असं जो तो म्हणतो. हे पूर्ण खरं नाही. गार्ड, रेंजर, बीट, कूप, मस्टर, टीपी हे शब्द शाळेची पायरी न चढलेल्या म्हातारीलाही कळतात. ते कोणी वर्गात शिकवले नाहीत. रोजगाराने शिकवले, जंगलखात्याच्या दंडाने शिकवले. अडचण सुट्या शब्दांची कमी आहे. दोन-तीन शब्द एकत्र आले आणि त्यांचा तिसराच अर्थ झाला की आपण फसतो. हे इंग्रजीतच होतं असंही नाही. एखाद्याचे हात ओले झाले असं आपण म्हणतो, तेव्हा पाण्याचा काय संबंध असतो? कचेरीच्या इंग्रजीतही असे ओले हात पुष्कळ आहेत.

आता 'स्पीकिंग ऑर्डर' घ्या. वनहक्क कायदा २००६ चा. त्याचे नियम १ जानेवारी २००८ ला आले आणि ६ सप्टेंबर २०१२ ला त्यांत दुरुस्ती झाली. दुरुस्तीत लिहिलं आहे की ग्रामसभेच्या ठरावात किंवा शिफारशीत उपविभागीय किंवा जिल्हा समितीने बदल केला, किंवा ती फेटाळली, तर तो निर्णय स्पीकिंग ऑर्डर असला पाहिजे. एका पाड्यावर बारावी झालेल्या पोराने लोकांना याचा अर्थ सांगितला तो असा, की स्पीकिंग म्हणजे बोलणं, म्हणून साहेबांनी तोंडी सांगितलं तरी ऑर्डर झाली. लोकांना पटलं. साहेब तर बोललेच होते, "तुमचं झालं नाही, जा." लोक गप्प घरी आले.

अर्थ बरोबर उलटा आहे. स्पीकिंग ऑर्डर म्हणजे जो कागद स्वतः बोलतो तो. दावा का फेटाळला, कोणता पुरावा पाहिला, कोणता मानला नाही आणि का मानला नाही, हे सगळं त्या कागदावर लिहिलेलं पाहिजे. बोलायचं कागदाने, साहेबाने नव्हे. कारण लिहिलेलं नसेल तर तो मुका कागद. आणि तो निर्णय दावेदाराला स्वतःला कळवायचा असतो, कचेरीच्या फळ्यावर डकवून भागत नाही. कळवल्यापासून ६० दिवसांत वरच्या समितीकडे दाद मागता येते, वरच्या समितीला वाटलं तर आणखी ३० दिवस मिळतात. एका शब्दाचा अर्थ चुकला म्हणून त्या पाड्यावरच्या लोकांनी लेखी कारण मागितलंच नाही. त्या पोराचा यात दोष काय? शाळेत त्याला शब्द शिकवले, कचेरीची बोली कोणी शिकवली नाही.

असंच 'मे बी रिजेक्टेड' आहे. शाळेत 'मे बी' म्हणजे कदाचित. म्हणून वाचणारा सांगतो, कदाचित फेटाळतील, अजून आशा आहे. पण खालच्या कचेरीने वरच्या कचेरीला असं लिहिलं की त्याचा अर्थ होतो, हा दावा फेटाळावा. शंका नाही, शिफारस आहे. तेव्हाच हालचाल करायची असते, वाट बघत बसायचं नसतं. पुढे 'क्लेम स्टँड्स रिजेक्टेड' असं येतं. स्टँड म्हणजे उभा, तर दावा उभा आहे! नाही साथींनो. तो आडवा झाला असंच त्या वाक्यात लिहिलं आहे.

सगळ्यात वाईट आम्हाला वाटलं ते म्हाताऱ्यांच्या जबानीचं. नियम १३ मध्ये पुराव्यांची यादी आहे. त्यात दावेदार सोडून गावातल्या इतर म्हाताऱ्यांची जबानी हाही पुरावा धरला आहे, फक्त ती लेखी पाहिजे. इंग्रजी नियमात त्यासाठी 'रिड्यूस्ड इन रायटिंग' असे शब्द आहेत. रिड्यूस म्हणजे कमी करणे, एवढं शाळेत शिकलेलं असतं. मग जबानी आखूड करायची असते असं समजून एका ठिकाणी चार ओळींत उरकली. म्हातारा सांगत होता की या दांडावर माझ्या आज्याने वरई पेरली, हा आंबा माझ्या बापाने लावला, अमुक साली गार्डने पीक मोडलं तेव्हा या खाचरात नागली उभी होती. लिहिणाऱ्याने लिहिलं, 'दावेदाराची जमीन जुनी आहे.' कायद्याला १३ डिसेंबर २००५ च्या आधीची वहिवाट दाखवायची असते. ती म्हाताऱ्याच्या बोलण्यात पूर्ण होती, कागदावर आलीच नाही. त्या इंग्रजी शब्दांचा अर्थ एवढाच आहे की तोंडी सांगितलेलं कागदावर उतरवून घेतलेलं पाहिजे. आखूड नाही. आंब्यासकट, गार्डासकट पूर्ण उतरवायचं.

'ऑक्युपेशन' या शब्दाचंही तसंच. शाळेच्या फॉर्मवर तिथे बापाचा धंदा लिहितात, म्हणून आपली पोरं दाव्याच्या कागदावरही तिथे 'मजुरी' लिहायला बघतात. वनहक्काच्या कायद्यात ऑक्युपेशन म्हणजे वहिवाट, जमीन आपल्या हाताखाली असणं. हा फरक ज्याला कळला त्याला कलम ४(५) पण कळेल. ते कलम सांगतं की दाव्याची मान्यता आणि पडताळणी पुरी होईपर्यंत वहिवाटीच्या वनजमिनीवरून कोणाला काढता येणार नाही. त्यात 'शॅल' आहे. कायद्यातलं 'शॅल' म्हणजे केलंच पाहिजे, आणि तिथे 'नो' जोडलेलं आहे म्हणून करताच येणार नाही. सुरुवातीला 'सेव्ह' आहे, ते वाचवण्याचं नाही. तिथे 'सेव्ह' म्हणजे 'सोडून', दुसरीकडे वेगळं सांगितलं असेल तेवढं सोडून. गार्ड जेसीबी घेऊन आला की हे कलम त्याला शांतपणे वाचून दाखवता आलं पाहिजे.

काही साथी विचारतात, इंग्रजीच्या मागे कशाला लागायचं? सरकारने मराठीत लिहावं. बरोबर आहे, मागणी करायचीच. महाराष्ट्राचा राजभाषा कायदा १९६४ चा आहे, राज्याच्या कचेरीने आपल्याला मराठीतच उत्तर दिलं पाहिजे. इंग्रजी पत्र आलं तर मराठी मागा, लेखी मागा. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, कचेरीची मराठी तरी आपली आहे का? 'प्रकरण नस्तीबद्ध करण्यात येत आहे' याचा अर्थ फाईल बंद केली, हे किती जणांना कळतं? वारली, कोकणा, कातकरी, पावरी, गोंडी बोलणाऱ्याला ती मराठी इंग्रजीएवढीच परकी. दुसरं, हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्टाचं काम संविधानाच्या कलम ३४८ प्रमाणे इंग्रजीत चालतं. १३ फेब्रुवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टाने दावे फेटाळलेल्यांना काढण्याचा आदेश दिला तो इंग्रजीत होता. २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती मिळाली तीही इंग्रजीत. मधल्या पंधरा दिवसांत पाड्यांवर अफवाच फिरत होत्या. आदेश काय आहे, कोणासाठी आहे हे वाचून सांगणारा जवळ नव्हता.

आणि इथेच आम्हाला खरी भीती वाटते. गावात एकट्याला इंग्रजी येत असेल तर तो हळूहळू दलाल होतो. आज पत्र वाचायचे दहा रुपये, उद्या अर्ज लिहायचे शंभर, परवा साहेबाला भेटवायचे किती ते विचारू नका. तो पोरगा वाईट असतो असं नाही. सगळे त्याच्यावर अवलंबून राहतात म्हणून तो तसा होतो. म्हणून आमचं म्हणणं, हे शब्द एकाने शिकू नयेत. वनहक्क समितीत १० ते १५ जण असतात, त्यात एक तृतीयांश बाया असतात. कचेरीतून आलेलं पत्र त्या सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावं. अडलेल्या प्रत्येक शब्दाला आपल्या बोलीतला शब्द शोधावा. हे काम म्हातारे चांगलं करतात. 'फ्री कन्सेंट' म्हणजे काय यावर पोरं म्हणत होती, फुकटची संमती. एका म्हातारीने अर्थ ऐकून घेतला आणि म्हणाली, "म्हणजे कोणी मानेवर हात न ठेवता दिलेला होकार." यापेक्षा चांगलं भाषांतर आम्ही कुठे वाचलेलं नाही.

तोपर्यंत एवढं करा. न कळलेल्या कागदावर त्याच दिवशी सही-अंगठा देऊ नका. 'सभेत वाचून मग देतो' असं सांगा. कचेरीने आपल्या अर्जाच्या प्रतीवर 'रिसीव्ड' चा शिक्का मारला तर अर्ज पोचला एवढाच त्याचा अर्थ, मान्य झाला असा नाही. तरी तो शिक्का घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नका.

पुढच्या अंकापासून दर वेळी अशा शब्दांना एक पान ठेवायचं आम्ही ठरवलं आहे. तुमच्या पत्रातली न कळलेली वाक्यं, खाली तारीख आणि जावक नंबर घालून, हाताने उतरवून पाठवा. दावेदाराचं नाव छापणार नाही. मूळ कागद पाठवू नका, तो पेटीतच राहू द्या.