सवणं बुजवू नका

दिवाळीत हट्ट्याला जाऊन आलो. घरात शिरलो आणि आधी वास आला तो ओलीचा. स्वयंपाकघराच्या भिंतीला कमरेपर्यंत ओल, हात लावला की पोपडे हातात! पाच वर्षांपूर्वी याच भिंतीला आम्ही हौसेनं सिमेंटचं प्लास्टर केलं होतं. 'पक्कं काम' म्हणून. त्याआधी ओल गुडघ्याच्या वर कधी गेली नव्हती.

कारण साधं आहे. दगडमातीची भिंत जमिनीतलं पाणी ओढते आणि हळूहळू हवेत सोडते. मातीचा किंवा चुन्याचा गिलावा ते सोडू देतो, सिमेंट अडवतं. मग पाणी वाट शोधत वर चढतं, क्षार प्लास्टरमागे साचतात आणि पोपडे सुटतात. चुना म्हणजे कच्चं काम असं वाटत असेल तर बीबी का मकबरा आठवा. सतराव्या शतकातला, आणि बराचसा चुन्याच्या गिलाव्याचाच.

दुसरी चूक सवण्याची. गॅस आला, चूल गेली, मग माळवदातल्या त्या भोकाचं काय काम? फरशी ठेवून बुजवलं. आजीच्या डोळ्यांतून पाणी काढणारा धूर गेला ते बरंच झालं, त्यासाठी मी गळा काढणार नाही. पण सवण्यातून नुसता धूर जात नव्हता, वाफही जात होती. आता कुकरची सगळी वाफ भिंतीवर आणि लाकडांवर बसते.

घरात म्हणतात, पाडा आणि स्लॅब टाका. किल्लारीचं नाव निघतं. १९९३ चा भूकंप मराठवाड्यातला माणूस विसरूच शकत नाही, आणि ती भीती खोटी नाही. जड माळवद आणि मातीत रचलेल्या दगडी भिंती, यांनीच माणसं गाडली. पण अशी घरं मजबूत करायचे उपायही आहेत: माळवदावरची जादा माती उतरवणं, भिंतीत आरपार दगड बसवणं. आपण काय केलं? दर मृगाआधी जुनी माती न खरवडता वर नवी टाकत गेलो. शिवाय ओलीनं भिंतीतली माती मऊ होते. म्हणजे ओल हा नुसता रंगाचा प्रश्न नाही, जिवाचा आहे.

माझं मत एवढंच. आधी पन्हाळी साफ करा, भिंतीलगतचं पाणी दूर काढा. सिमेंट खरवडा, भिंतीला एक उन्हाळा वाळू द्या, मग चुना. सवणं उघडून वर जाळी आणि पत्र्याची टोपी बसवा. आणि जाणत्या अभियंत्याला एकदा भिंती दाखवा. तो पाडा म्हणाला, तर मी स्वतः पहिली पहार मारीन.

अण्णा, वाचताय ना? दरवर्षी माळवदावर कोण चढणार, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. यंदा मी चढतो. शिडी तेवढी धरा.